खिडकीपलीकडचे शिक्षण

तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात आमच्या घरात एक लहानसे महाभारत झाले. माझी पुतणी बारावी पास झाली होती. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तिला गुण वाईट नव्हते. पण सरकारी महाविद्यालयात जागा मिळण्याइतके नव्हते, आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क दादाच्या पगारात बसणारे नव्हते. घरात सुतक आल्यासारखे झाले. कोणी म्हणे, आणखी एक वर्ष बसू दे. कोणी म्हणे, दातांची डॉक्टर होऊ दे. चौथ्या दिवशी रात्री, सगळे पानावर बसलेले असताना, मुलीने आपला निकाल जाहीर केला. "मी हॉस्पिटल मॅनेजमेंटला जाणार."

वहिनींच्या हातातला डाव आमटीतच राहिला. त्या म्हणाल्या, "म्हणजे करणार काय? खिडकीत बसून केसपेपर देणार?"

खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते. मी चौतीस वर्षे कारकुनी केली. कारकुनीला महाविद्यालयात तीन वर्षे घालवावी लागतात हे मला पटणे कठीण होते. मी तिला म्हणालो, "अगं, डॉक्टर होता आलं नाही, तर निदान वेगळ्या कचेरीत जा. रोज डोळ्यांसमोर डॉक्टर बघून जीव जाळून घेण्यात काय अर्थ आहे?"

ती शांतपणे म्हणाली, "काका, बाबांच्या वेळेला काय झालं ते तुम्ही विसरलात?"

यावर कोणी काही बोलले नाही. दादाही खाली बघून भात कालवीत राहिला.

दादाच्या वेळेला काय झाले होते, ते आधी सांगतो.

ती रात्र

त्याच्याही तीन वर्षे आधीची गोष्ट. दादाला पायाला जखम होऊन ताप भरला. वहिनी आणि मुलगी तेव्हा गावी गेलेल्या होत्या. मीच त्याला रिक्षात घालून एका मोठ्या रुग्णालयात नेले. कोणत्या, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. केसपेपर काढला, तपासणी झाली, दाखल करून घेतले. तरुण डॉक्टरांनी विचारले, "यांना कुठलं औषध चालत नाही, असं काही आहे का?" दादा तापात होता, मी म्हणालो, "माझ्या माहितीत तरी नाही." त्यांनी पेनिसिलिनच्या कुळातले एक इंजेक्शन दिले. दहा मिनिटांत दादाच्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला आणि रक्तदाब घसरला. त्या डॉक्टरांनी आणि एका परिचारिकेने धावपळ करून ॲड्रेनालिन दिले म्हणून दादा वाचला.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या त्या एक जुने डिस्चार्ज कार्ड घेऊनच. दहा वर्षांपूर्वी दादा त्याच रुग्णालयात होता. तेव्हाही त्याला पेनिसिलिनने असाच त्रास झाला होता, आणि कार्डावर तांबड्या शाईने तसे लिहिलेले होते. याचा अर्थ, त्याच इमारतीत कुठल्यातरी कपाटात दादाच्या नावाची एक फाइल होती आणि तीवर हा धोका नोंदलेला होता. ती फाइल त्या रात्री डॉक्टरांपुढे आली नाही.

आमच्या घरात या प्रसंगाला एक ठरलेले नाव पडले: "रुग्णालयाने दादाची फाइल हरवली." नातलगांत, शेजाऱ्यांत मी ही गोष्ट अनेकदा सांगितली, प्रत्येक वेळी थोड्या अधिक संतापाने. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती ऐकत असे.

शब्दांपासून सुरुवात

असो. मुलीने प्रवेश घेतला. मला वाचनाची खोड आहे, त्यामुळे तिची पुस्तके मी चाळू लागलो; आणि पहिल्याच महिन्यात माझ्या कारकुनी अभिमानाला धक्का बसला.

अभ्यासाची सुरुवात भाषेपासून होते. वैद्यकीय शब्द लांबलचक दिसले तरी ते ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून केलेले असतात. शेवटी 'आयटिस' आले की दाह. 'एक्टमी' आले की तो भाग कापून काढणे. अपेंडिसायटिस म्हणजे आंत्रपुच्छाचा दाह, अपेंडिसेक्टमी म्हणजे ते पुच्छ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. संस्कृतातले संधी-समास पाठ केलेल्या माणसाला यात मौजच वाटते. पण मौज तिथेच संपते. 'हायपर' म्हणजे जास्त आणि 'हायपो' म्हणजे कमी. मधुमेहाच्या रुग्णाच्या कागदावर टंकलेखकाने हायपोच्या जागी हायपर लिहिले, तर ज्याच्या रक्तातली साखर उतरली आहे त्याच्या कागदावर ती चढल्याची नोंद होते. एकाला साखर द्यायची असते, दुसऱ्याला इन्शुलिन. 'इलियम' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगात मधले एक अक्षर बदलले की लहान आतड्याचा शेवटचा भाग जाऊन कमरेचे हाड येते. कानाला दोन्ही सारखेच.

"आमच्या कचेरीत एक अक्षर चुकलं तर साहेब शेरा मारायचे," मी म्हणालो. "इथे कोण मारतं?"

"इथे शेरा कोणी मारत नाही, काका. म्हणूनच शिकायला लागतं," ती म्हणाली.

ही विद्या आली कोठून?

मला वाटत होते की हे सगळे अलीकडचे, कंपन्यांच्या काळातले खूळ असावे. तसे नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंना आपण हातात दिवा घेतलेली सेविका म्हणून ओळखतो. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ ते १८५६ या काळात, त्यांनी पाहिले की जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक मरत आहेत. परत आल्यावर त्यांनी दिव्याइतक्याच निष्ठेने वही हाती धरली. रुग्णालयांवरचे त्यांचे पुस्तक १८५९ साली निघाले. आणि १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे त्यांनी सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात अशी योजना मांडली. एका रुग्णालयाने आजाराला एक नाव द्यायचे, दुसऱ्याने दुसरे, मग कोठे माणसे बरी होतात आणि कोठे मरतात याची तुलना करायची कशी, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

पुढे अमेरिकेत बॉस्टनला अर्नेस्ट कॉडमन नावाचे शल्यचिकित्सक झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी आग्रह धरला की शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवावे, वर्षभराने त्याचे काय झाले ते पाहावे, आणि काही चुकले असेल तर कोणाचे आणि का, तेही लिहावे. सहकाऱ्यांना हे रुचणे शक्य नव्हते. कॉडमनना मोठे रुग्णालय सोडावे लागले. पण त्याच बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या नोंदी सांभाळणाऱ्या ग्रेस व्हाइटिंग मायर्स या बाईंनी १९२८ साली आपल्यासारख्या नोंदपालांची संघटना उभी केली, आणि या कामाला एका धंद्याची प्रतिष्ठा आली. १९३४ साली शिकागो विद्यापीठात मायकेल डेव्हिस यांनी रुग्णालय-प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. पुढच्या अशा अभ्यासक्रमांचा तो मूळपुरुष समजला जातो.

आपल्याकडे मुंबईचे सर ज. जी. रुग्णालय १८४५ सालचे, पुण्याचे ससून १८६७ चे. रुग्ण होते, खाटा होत्या, आणि कारभार बहुधा एखादे ज्येष्ठ डॉक्टर आपली शस्त्रक्रिया सांभाळून बघत. डॉक्टरांखेरीज आणखी कोणी शिकलेला माणूस रुग्णाच्या बाजूने रुग्णालयात हवा, ही जाणीव हळूहळू आली, ज. जी. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला, तो देशातला पहिला म्हणतात. आज देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय-प्रशासनाची पदव्युत्तर पदवी मिळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरांसाठी हा विषय आहे. जयपूरची आरोग्य-व्यवस्थापनाची संस्था १९८४ पासून चालू आहे. बारावीनंतरच्या मुलांसाठी तीन वर्षांची पदवी देणारी महाविद्यालये तर आता जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली आहेत.

खाटांचे गणित

दुसऱ्या वर्षी मुलगी एक गणित घेऊन माझ्याकडे आली. तेही तुमच्यापुढे मांडतो. कागद-पेन्सिल घेतलीत तर बरे.

एका रुग्णालयात १०० खाटा आहेत. तीस दिवसांच्या महिन्यात ३,००० खाट-दिवस झाले. त्यांपैकी २,४०० दिवस खाटांवर रुग्ण होते. म्हणजे ८० टक्के भरणा. महिन्यात ४०० रुग्ण घरी गेले. म्हणजे प्रत्येकाचा मुक्काम सरासरी सहा दिवस. आता उपचारांत काहीही कमी न करता, केवळ तपासण्यांचे अहवाल वेळेवर आणून मुक्काम पाच दिवसांवर आला, तर त्याच २,४०० दिवसांत ४८० रुग्ण बरे होऊन जातील. एकही नवी खाट न घेता ऐंशी माणसांना जागा झाली.

"हे ठीक आहे," मी म्हणालो. "पण वेळ जातो कुठे?"

"तुम्ही सांगा. बाबांना डिस्चार्ज मिळाला तो दिवस आठवा."

मला चांगला आठवत होता. डॉक्टर सकाळी दहाला म्हणाले, "आज घरी जा." आम्ही बाहेर पडलो दुपारी चारला. औषधांचा परतावा, प्रयोगशाळेचा हिशेब, कार्डावरची सही, विमा कंपनीच्या मध्यस्थाची मंजुरी, असे करता करता सहा तास गेले. दादा कपडे करून खाटेवर बसून होता. मुलीने शांतपणे गुणाकार केला. ४०० रुग्णांचे प्रत्येकी सहा तास म्हणजे २,४०० तास, म्हणजे पुरे १०० खाट-दिवस. सहा दिवसांच्या मुक्कामाने सोळा रुग्णांची जागा. ते सोळाजण त्या वेळी खाली अपघातविभागात स्ट्रेचरवर पडलेले असू शकतात.

रांगेचेही असेच शास्त्र आहे. बाह्यरुग्ण विभागात सगळ्यांना सकाळी नऊला बोलावतात आणि शेवटचा माणूस एकला आत जातो, हा आपणा सर्वांचा अनुभव. नॉर्मन बेली या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९५२ साली या रांगांचा अभ्यास करून साधी तोड सुचवली होती: सुरुवातीला दोन रुग्णांना बोलवावे, आणि मग एका तपासणीला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेकाला वेळ द्यावी. पहिला आला नाही तरी दुसरा हजर असतो, म्हणून डॉक्टर रिकामे बसत नाहीत. आणि गर्दी साचत नाही, म्हणून रुग्णही ताटकळत नाहीत. सत्तर वर्षांहून जुनी ही युक्ती! ती वापरायला यंत्र लागत नाही. रोज घड्याळ लावून सरासरी काढणारा एक माणूस लागतो.

औषधभांडाराचा पाठ तर आमच्या वहिनींनाही पटला. महाग औषधे थोडी असतात, पण खर्चाचा मोठा वाटा तीच खातात. म्हणून त्यांच्यावर रोज नजर. पण किमतीवरच बघून चालत नाही. ज्यावाचून जीव जाईल ते औषध स्वस्त असले तरी कधीही संपता कामा नये. दादाला वाचवणारे ॲड्रेनालिन काही महाग औषध नव्हे. "म्हणजे केशर मोजून ठेवायचं, पण मीठ संपू द्यायचं नाही," वहिनी म्हणाल्या. मुलीने हे वाक्य वहीत उतरवून घेतले.

तळघरातली स्मृती

तिसऱ्या वर्षी तिला प्रत्यक्ष कामासाठी एका रुग्णालयाच्या नोंदविभागात पाठवले. एकदा तिचा डबा पोहोचवायला मी गेलो, आणि तिथल्या प्रमुख बाईंच्या परवानगीने दारात उभा राहून ते दालन पाहिले. तळघरातली लांबलचक खोली, छतापर्यंत कपाटे आणि हजारो फायली. मी म्हणालो, "यातून एक कागद शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीतली सुई!"

बाई हसल्या. त्यांनी एक आकडा सांगितला, १२-३४-५६, आणि म्हणाल्या, "शेवटापासून वाचा." सारी खोली ०० पासून ९९ पर्यंत शंभर भागांत विभागलेली. शेवटचे दोन आकडे ५६, म्हणून आधी छप्पन्नावा भाग. त्यात ३४ चा खण. त्यात बारावी फाइल. मी मनात तीस मोजेपर्यंत एका मुलाने ती जागा दाखवली. नव्या फायली आल्या की त्या एकाच टोकाला न साचता शंभर भागांत सारख्या वाटल्या जातात, आणि प्रत्येक भागाला रंगाची पट्टी असल्याने भलत्या जागी घुसलेली फाइल दुरूनच दिसते. चौतीस वर्षांत आमच्या कचेरीत ही गोष्ट कोणाला सुचली नव्हती.

फाइल कपाटात जाण्यापूर्वी तिच्यावर पुष्कळ संस्कार होतात. संमतिपत्रावर सही आहे का, प्रत्येक पानावर रुग्णाचा क्रमांक आहे का, हे तपासतात. रोगाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातला संकेत देतात. या वर्गीकरणाचे मूळ झाक बर्तियों यांच्या १८९३ सालच्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. दहाव्या आवृत्तीत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याला आय २१, आणि कुत्रा चावल्यास डब्ल्यू ५४. कुत्र्याला संकेत दिलेला पाहून मला हसू आले. पण शहरातल्या सगळ्या रुग्णालयांनी तो नीट लिहिला, तर कोणत्या भागात रेबीजची लस किती लागेल ते आधी कळते.

मृत्यूच्या दाखल्याचेही तसेच. रुग्णालयात मृत्यू झाला की नमुना ४ भरावा लागतो. 'हृदय बंद पडले' एवढे लिहून भागत नाही. हृदय सर्वांचेच शेवटी बंद पडते. ते कशामुळे, आणि त्याच्याही मागे काय होते, अशी कारणांची साखळी उलट क्रमाने लिहायची असते.

आणि ही नोंद केवळ रुग्णालयाची मालमत्ता नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपायची असतात, आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांच्या आत द्यायची असतात. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? २०२१ पासून चौदा आकडी आरोग्य-क्रमांकाची राष्ट्रीय व्यवस्थाही आली आहे. गरिबांच्या उपचारासाठी २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना घ्या. तिच्यासाठी रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांवरची नावे जुळत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेल्या माणसाला तोच वाट दाखवतो. २०२१ च्या कायद्याने आरोग्य-नोंदींचे काम करणाऱ्यांना वैद्यकाशी संलग्न व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले आहे. कारकून म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे लक्षात घ्यावे.

एक नाव, दोन फायली

त्या दिवशी घरी येताना मुलगी म्हणाली, "काका, एका माणसाच्या दोन फायली होणं हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा शत्रू." मग तिने समजावले. आपली नावे देवनागरीतली. संगणकावर बहुधा ती रोमन अक्षरांत जातात. 'व' कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. कधी आडनाव आधी, कधी वडिलांचे नावच आडनावाच्या जागी. उच्चारावरून नावे शोधण्याची एक पद्धत अमेरिकेत १९१८ साली रॉबर्ट रसेल यांनी नोंदवली. पण तीत पहिले अक्षर जसेच्या तसे धरतात. म्हणजे व्ही आणि डब्ल्यूची गाठ तिथेही पडायची नाही. म्हणून खिडकीवरच्या माणसाने जन्मतारीख विचारायची, फोन क्रमांक विचारायचा, आणि मुख्य प्रश्न विचारायचा, "पूर्वी इथे आला होता का?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, बाबांचं नाव 'व'वरून आहे. त्या दिवशी खिडकीवर तुम्ही काय सांगितलंत?"

वाचकहो, ही गोष्ट मी सहा वर्षे कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी खिडक्या दोन होत्या. एकीवर 'जुने केसपेपर' अशी पाटी आणि वीस माणसे. दुसरीवर 'नवे केसपेपर' आणि चार माणसे. दादा बाकावर कण्हत होता. मी नव्याच्या रांगेत उभा राहिलो. आतल्या मुलाने विचारले, "पूर्वी आला होता का?" दादा दहा वर्षांपूर्वी इथे होता हे मला माहीत होते; मीच तेव्हा डबा नेत असे. मी म्हणालो, "नाही. पहिल्यांदाच." त्याने 'डब्ल्यू'ने नाव घातले आणि दादाला नवा क्रमांक मिळाला. जुनी फाइल 'व्ही'खाली आपल्या जागी सुखरूप होती. ती हरवलीच नव्हती. तिला कोणी हाक मारली नव्हती.

हे मी तिला रस्त्याच्या कडेला उभे राहून सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. ती म्हणाली, "तुमची एकट्याची चूक नाही. तापाच्या माणसाला वीस जणांच्या रांगेत उभं करणारी खिडकी ज्यानं आखली, त्याचीही आहे. लोक खोटं बोलतात ते घाईपायी. घाई का होते, ते बघायचं आमचं काम."

मला त्या क्षणी कळले की ही मुलगी तीन वर्षे काय शिकत होती.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी

एवढे वाचून कोणा आईबापांनी उद्याच प्रवेशअर्ज आणावा, असे माझे म्हणणे नाही. जाहिराती गुळगुळीत कागदावर छापलेल्या असतात. तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. महाविद्यालयाला पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे? मुलांना प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने काम करावे लागते, आणि कोणत्या विभागात? नोंदी, कोड आणि संख्याशास्त्र शिकवणारा माणूस कधी रुग्णालयात राबला आहे का? या तिन्हींची उत्तरे गोलमाल मिळाली, तर चपला घालाव्यात.

सुरुवातीचा पगार डोळे दिपवणारा नसतो. रात्रपाळी असते, सणासुदीला हजेरी असते, आणि संतापलेल्या नातलगांचा पहिला घाव याच लोकांना सोसावा लागतो. डॉक्टरांकडे आदराने बघणारा माणूस बिलाच्या खिडकीवर आवाज चढवतो.

आणखी एक धोका आहे, तो अधिक खोल आहे. खाटांचे जे गणित सोळा गरजूंना जागा करून देते, तेच गणित रिकामी खाट दिसली की ती कशीही भरा असेही सांगू शकते. आकडा कोणाच्या बाजूने वापरायचा हे पुस्तकात नसते. मी हे मुलीला विचारले. ती म्हणाली, "तोंडी परीक्षेत मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, गरज नसताना खाट भरली तर टक्केवारी सुधारते, पण वर्षानं त्या रुग्णाचं काय झालं ते कॉडमनच्या कार्डावर लिहावंच लागेल." तिला गुण किती पडले ते मी विचारले नाही.

येत्या महिन्यात ती एका रुग्णालयाच्या नोंदविभागात रुजू होते आहे. वहिनी आता शेजारणींना सांगतात, "आमची मुलगी हॉस्पिटलात आहे." डॉक्टर आहे का असे कोणी विचारले तर म्हणतात, "डॉक्टरांना फाइल तीच देते."

दिवाळीची साफसफाई घरोघर चालू असेल. जुन्या कागदांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढत असतील. त्यापूर्वी एवढे करा. घरातल्या प्रत्येक माणसाचे डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, चष्म्याचा नंबर बाजूला काढा आणि एकेका फाइलीत लावा. पहिल्या पानावर, न चालणाऱ्या औषधांची नावे तांबड्या शाईने लिहा. नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच द्या. आमच्या घरी गेल्या रविवारी हे काम झाले. दादाच्या फाइलीचे पहिले पान मी लिहिले. अक्षर माझे अजून चांगले आहे.

गेल्या महिन्यात रक्तदाब दाखवायला मी त्याच रुग्णालयात गेलो होतो. खिडक्या अजून दोनच आहेत. मी जुन्याच्या रांगेत उभा राहिलो. पाऊण तास लागला.